पाण्याची पुढची तारीख

"ज्याअर्थी आपल्या बिऱ्हाडाच्या मोरीतून आज मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास 'खळखळ' असा आवाज सतत ऐकू आला, आणि ज्याअर्थी पाणी वाहून गेल्याशिवाय सदर आवाज निघत नाही, त्याअर्थी आपणास कळविण्यात येते की, आपण समक्ष हजर राहून खुलासा करावा. कसूर करू नये."

दाराला डिंकानं चिकटवलेला हा कागद वाचला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बीडला बिऱ्हाड मांडून आठ दिवस झाले होते. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. नवरा कोचिंग क्लासात गणित शिकवायचा, तो सकाळीच सायकल घेऊन गेलेला. मला वाटलं, झालं, आता पोलीस येणार. मी चक्क रडायला बसले. तेवढ्यात घरमालकीण काकू कोथिंबीर मागायला आल्या. त्यांनी कागद बघितला, पदर तोंडाला लावला आणि हसत म्हणाल्या, "अगं, भिऊ नको. मला बी येतात. लग्न झाल्यापास्नं येतात."

तर हा कागद लावणारे हे आमचे घरमालक. कोर्टातले बेलीफ, नुकतेच रिटायर झालेले. बेलीफ म्हणजे कोर्टाचा कागद घरोघर पोचवणारा माणूस. समन्स बजावायचं, आणि निकालात एखादी वस्तू कुणाला द्यायची ठरली असेल तर ती उचलून त्याच्या ताब्यात द्यायची. उभा जिल्हा त्यांनी सायकलवर आणि यष्टीत बसून पालथा घातलेला. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि शर्टाच्या वरच्या खिशात पेनाच्या शेजारी कायम नळात बसवायचे चार-पाच रबरी वायसर. पानतंबाखू नाही, सुपारी नाही, नुसते वायसर.

मी खुलासा द्यायला गेले. अंगणात सीताफळाचं झाड होतं, त्याच्याखाली खुर्ची टाकून ते बसले होते. मला उभंच ठेवलं.

"काय धूत व्हता?"

"तांदूळ, काका."

"आन् पाणी?"

"ओतलं की."

"कावून?"

म्हटलं, "धुतल्यावर ओततातच ना."

"एका तारखेत?"

मला काही कळेना. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि समजूत घातल्यासारखं बोलायला लागले. "बाई, माझ्या उभ्या नोकरीत एका तारखेत निकाली निघालेला खटला मी पाह्यला न्हाई. बांधावरच्या बोरीच्या झाडाचा खटला असू द्या, त्याला बी वीस-वीस तारखा. कधी वकील न्हाई, कधी साक्षीदार न्हाई, कधी सायेब रजेवर. माणसाच्या भांडणाला एवढ्या तारखा, आन् पाण्याला एकच? पाण्यानं तुमचं काय वाकडं केलं?"

मग त्यांनी मला त्यांचं कोर्ट दाखवलं. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत ओळीनं पातेली, घमेली, डबे मांडलेले आणि प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं. पहिल्या तारखेचं पाणी म्हणजे पिण्याचं आणि सैपाकाचं. तांदूळ, डाळ, भाजी धुऊन झाली की ते दुसऱ्या तारखेच्या पातेल्यात. त्यानं भांड्यांना पहिला हात द्यायचा. तिथून तिसऱ्या तारखेला फरशी. साबण लागला असेल तर शेवटी संडासात, नसेल तर सीताफळाला. "सीताफळ म्हंजे हायकोर्ट," काका म्हणाले, "तिथून पुढं अपील न्हाई."

ह्या सगळ्या कारभाराचा एक शब्द होता, 'तहकूब'. कोर्टात आजचं काम पुढं ढकललं की तहकूब म्हणतात ना, ते. कुणीही भांडं तिरपं केलं की काका असतील तिथून ओरडायचे, "तहकूब!" आणि हातात डबा घेऊन धावत यायचे. पूजा सोडून यायचे, दाढी अर्धी टाकून यायचे. एकदा गल्लीतल्या एका पोराच्या मुंजीत भिक्षावळ चालली होती. कुणीतरी हात धुवायला तांब्या वाकडा केला आणि भर मंत्रांत "तहकूब!" असा आवाज घुमला. भटजी घाबरून थांबलेच. त्यांना वाटलं, मुहूर्त चुकला.

आंघोळ ते मोठ्या घमेल्यात उभं राहून करायचे. पाणी मोजून सहा तांबे. घमेल्यातलं पाणी पुढं संडासाला. दाढी वाटीभर पाण्यात. माझ्या नवऱ्याला शॉवरची हौस होती. तेव्हा नव्यानंच कुणाकुणाच्या घरी तसले चकचकीत नळ दिसायला लागले होते. त्यानं चाचपून बघावं म्हणून विषय काढला, तर काका म्हणाले, "मास्तर, महादेवाच्या डोक्यावर अभिषेकाचं भांडं टांगलेलं असतं ना, त्यातनं कसं पडतं पाणी? थेंब थेंब. ज्यानं जहर पचवलं, त्याचं थेंबावर भागतं. तुमाला नुसती गणितं शिकवायची, तुमाला कारंजं कावून लागतं?" शॉवर पुढं कधी आलाच नाही.

आता माझं सांगते. माझं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं. आम्ही पोरी पाण्यात वाढलेल्या. घागर भरून आणायची नि अर्धी अंगणात शिंपडायची, ह्याचं कुणाला काही वाटायचं नाही. काकांचं कोर्ट मला पहिल्या दिवसापासून डोक्याला ताप वाटायचं. काका मला पाण्यात पाहत असं म्हणवत नाही, कारण तेवढं पाणी त्यांनी त्यासाठी खर्चच केलं नसतं. पण आमचं जुंपायचं मात्र रोज.

खरं भांडण झालं ते शिळ्या पाण्यावरून. बीडला नळ तेव्हा आठवड्यातून एकदा. नळ आला की गल्लीतल्या समद्या बायका एकच काम आधी करायच्या. घरातलं उरलेलं शिळं पाणी गटारात, भांडी चिंचेनं घासून लख्ख, मग ताजं पाणी. माझी आई हेच करायची, तिची आई हेच करायची. पाणी शिळं ठेवणं म्हणजे घरात वळण नसल्याचं लक्षण. काका त्या दिवशी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत "तहकूब, तहकूब" करत पळायचे, आणि बायका त्यांना बघून मुद्दाम मोठ्यानं ओतायच्या.

एकदा मी अशीच हंडा उपडा करणार, तर समोर उभे.

"हे कावून ओतताय?"

"शिळं झालंय, काका. आठ दिवसांचं हाय." बीडला राहून माझी पण भाषा बदलायला लागली होती.

"आन् नळाला आलंय ते?"

"ते ताजं. आजचं."

"धरणात कधी पडलं ते?"

मी जरा विचार केला. "पावसाळ्यात."

"आता कंचा महिना हाय?"

"चैत."

"म्हंजे आठ दिवसांचं ते शिळं, आन् आठ महिन्यांचं ते ताजं?"

मी हंडा खाली ठेवला. पण मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, "तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा," आणि ते देवळात गेले की मी गुपचूप ओतायची. सरळ सांगते, मला त्यात मजा यायची.

हा खटला मी हरले तो एका बाटलीमुळं. त्या दिवसांत रोज काहीतरी नवीन यायचं बघा. चौकाचौकात फोनचे बूथ झाले, गच्च्यांवर थाळ्या आल्या, रंगीत टीव्हीवर परदेशी कुस्त्या लागायला लागल्या. आणि एक दिवस बीडच्या बसस्टँडवर पाणी बाटलीत घालून विकायला आलं. काका कुणाला तरी सोडायला गेले होते. तिथून ते असे घामाघूम होऊन आले की काकूंना वाटलं, खिसा कापला. काकांनी पिशवीतनं बाटली काढली आणि उंच धरली.

"निशाणी एक!"

कोर्टात पुराव्याला निशाणी म्हणतात. सगळ्या भाडेकरूंना अंगणात बोलावलं. मला बाटली हातात देऊन बारीक अक्षरातला मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. त्यावर बाटली भरल्याची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं की, सहा महिन्यांच्या आत वापरावे.

"तारीख!" काका ओरडले. "कंपनीनं पाण्याला तारीख दिली! एवढी वर्षं मला समदं गाव हसतंय, आन् आता बघा, छापील हाय. आन् बाई, सहा महिने! सहा महिने शिळं होत न्हाई. आता बोला!"

म्हटलं, हरले. त्या दिवसापासून मी शिळं पाणी ओतलं नाही. आजही माझ्या घरी चोवीस तास नळ आहे, पण रात्रीच्या हंड्यातलं पाणी सकाळी ओतायला हात होत नाही, जीव घाबरा होतो. बाटली काकांनी फोडली नाही. देवघरात महादेवाच्या शेजारी ठेवली, आणि काकू रोज तिला पण कुंकू लावायच्या.

नोकरीत असतानाचे त्यांचे किस्से कोर्टातले लोक येऊन सांगायचे. साहेबांच्या टेबलावरचं गिलासातलं उरलेलं पाणी ते तिकिटं चिकटवायच्या स्पंजात घालायचे, वकिलांच्या खोलीतलं उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यावर. पिंजऱ्यात उभ्या साक्षीदारानं पाणी मागितलं की विचारायचे, "अर्धा का पुरा?" त्यांचं म्हणणं असं की, खरं बोलणाऱ्याचं अर्ध्या गिलासात भागतं, खोटं बोलणारा पुरा पितो आणि वर आणखी मागतो. एकदा एका वकिलानं भर कोर्टात दोन गिलास पाणी ढोसलं. काकांनी त्याच्याकडं असं काही बघितलं की तो म्हणे आपला मुद्दा मागं घेऊन खालीच बसला.

आणि ते वायसर! काका कुणाच्याही घरी गेले की पाच मिनिटं बसायचे, मग मान तिरपी करून कान द्यायचे. कुठंतरी टप टप ऐकू आली की उठलेच. आमच्या गल्लीत एक म्हातारे गेले, तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. बायका रडत होत्या. म्हाताऱ्यांचा लेक काकांच्या गळ्यात पडला, काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि फिरवता फिरवता म्हणाले, "मोरीतला नळ गळतोय का रं?" तो बिचारा हुंदका देत म्हणाला, "हो काका." काका मोरीत गेले, नळ खोलला, वायसर घातला आणि परत येऊन जागेवर बसून रडायला लागले. खोटं वाटेल, पण खरोखर रडले. तो म्हातारा त्यांचा जुना मित्र होता.

हसायला हे सगळं ठीक होतं. पण काकांना एक मुलगी होती, मंगल. तिला हसू येत नव्हतं.

मंगल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला वहिनी म्हणायची. टायपिंगच्या क्लासला जायची, हुशार, कामाला वाघीण. तिला दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही काकांनीच घालवली होती. पहिले पाहुणे दारात आले तर काकांनी त्यांना पाय धुवायला घमेल्यात उभं केलं. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, आम्ही काय म्हशी आहोत का? दुसऱ्या वेळी काकांनी मुलाची उलटतपासणी घेतली. "आंघोळीला किती बादल्या? दात घासताना नळ चालू असतो का बंद? आठवून सांगा, घाई न्हाई." मुलगा रडकुंडीला आला.

तिसरं स्थळ तेलगावचं होतं. बापाचं पाईप आणि पाण्याच्या मोटारीचं दुकान. मुलगा सामान न्यायला बीडला यायचा, टायपिंगच्या क्लासखालीच त्यांचा टेम्पो उभा राहायचा. मंगलनं त्याला पाहिलं होतं, त्यानंही हिला. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते, पण मंगल मला सांगताना पदराचं टोक पिळत होती, त्यावरून मला काय ते कळलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ह्यो पाव्हणा बी गेला ना, तर मी त्या सीताफळाला पाणी घालत घालतच म्हातारी हुईन."

तिनं बापासमोर उभं राहून सांगितलं, "बाबा, त्या दिवशी कोर्टाला सुट्टी. तारीख म्हणायचं न्हाई, तहकूब म्हणायचं न्हाई, कुणाचा नळ दुरुस्त करायचा न्हाई. गिलास पुरे भरायचे. कबूल?"

काकांनी पडवीतल्या पातेल्यांकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "कबूल." आणि खिशातले वायसर काढून तिच्या हातात दिले.

पाहुणे यायच्या दिवशी काकूंनी सकाळपासून घासघास घासून पातेल्यांवरची लाल अक्षरं काढून टाकली. पाहुणे पडवीत डोकावले तर हसतील म्हणून. दोन वर्षं मी त्या अक्षरांना नावं ठेवली होती, आणि त्या दिवशी ती नव्हती म्हणून माझा घात झाला. कारण चहा माझ्याकडं होता.

पाहुणे चौघं आले. मुलगा, बाप, मामा, आणि बापाची थोरली बहीण, ती आत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पिशवी. ती कुणाशी फार बोलली नाही. काकांनी सगळ्यांना काठोकाठ भरलेले गिलास दिले. मुलाच्या बापाला बोलायची हौस. "आमच्याकडं पाण्याला कमी न्हाई! मोटार लावली की धो धो. उसात पाणी सोडायचं आन् घरी जाऊन झोपायचं. रानभर झालं तरी हरकत न्हाई!" काका खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांचे ओठ तहकूबचा 'त' म्हणायला उघडायचे आणि परत मिटायचे. मला त्यांची दया आली.

काकूंनी सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून पिळायचे आणि फोडणीला टाकायचे, तो सुशीला. मुरमुरे पिळलेलं पाणी काकूंनी सवयीनं दुसऱ्या तारखेच्या पातेल्यात ठेवलं होतं. आणि लाईट गेलेली. पडवीला खिडकी नाही, भरदिवसा अंधारगुडूप. दोन पातेली शेजारी शेजारी, दोन्ही लख्ख, दोन्ही कोरी. मी घाईत एकातलं पाणी चहाला घेतलं. आलं ठेचून घातलं, साखर घातली, चहा कपांत गाळला आणि मंगलच्या हाती ट्रे दिला.

मंगल चहा देऊन आत आली. आम्ही दोघी दाराच्या फटीशी उभ्या राहिलो.

मुलाच्या बापानं एक घोट घेतला होता. मुरमुरे असतातच खारट, त्यांचं पाणी पण खारट. गाळणी आमची जुनी, तिला मध्ये भोक. त्यानं कपात बोट घातलं आणि एक फुगलेला मुरमुरा काढून पुढं धरला.

"हे काय हाय?"

मामानं आपल्या कपात बघितलं. मुलगा बिचारा सगळा चहा आधीच पिऊन बसला होता. पातेलं कुठलं ते मला आत्ता कळलं होतं. मंगलनं माझा दंड असा धरला की नखं रुतली.

काका उठले, पाहुण्यांच्या हातातला मुरमुरा जवळून पाहिला आणि ताठ उभे राहिले.

"हा मुरमुरा," ते म्हणाले, "दुसऱ्या तारखेचा हाय."

मंगलनं डोळे मिटले.

एकदा सुरुवात झाल्यावर काय? काकांनी सगळं सांगितलं, जसं कोर्टात सांगतात तसं. पहिली तारीख, दुसरी तारीख, घमेलं, सीताफळ, सगळं. मुलाचा बाप ऐकत गेला आणि लाल होत गेला. त्यानं खुंटीवरची टोपी काढली.

"आमाला धुवणाचा चहा पाजला! पाव्हण्याला! अहो, पाण्याचं एवढं काय घेऊन बसलाव? येडे का खुळे तुमी?"

मी पुढं होऊन म्हणाले, "चूक माझी हाय, मीच घेतलं पाणी." कुणाचं लक्षच नव्हतं.

काका खाली बसले. मला वाटलं, आता हात जोडतील. पण ते दुसरंच बोलायला लागले. आवाज एकदम साधा, नोटिशीतला नाही.

"नोकरीत असताना चकलांब्याच्या पुढं एका वस्तीवर गेलतो. दुष्काळाचं साल. दोघा भावांच्या वाटणीचा निकाल झालता, तांब्याचा हंडा एक, थोरल्याला. हंडा धाकट्याच्या घरी. गेलो. त्याची बायको लांबनं पाणी घेऊन आत्ताच आलती, डोक्यावरची चुंबळ बी काढली नव्हती. मला बसा म्हणली. त्याच हंड्यातनं तांब्याभर पाणी दिलं. मी पिलो. मग कागद दाखवला. ती म्हणली, न्या दादा, फकस्त पाणी कशात तरी काढून घेते. आन् भांडं शोधायला घरात गेली."

काकूंनी मान खाली घातली. त्यांना हे माहीत असावं. मंगलला नव्हतं. तिची माझ्या दंडावरची पकड सुटली.

"मला यष्टी गाठायची व्हती," काका म्हणाले. "कागदावर लिव्हलं व्हतं, हंडा एक, रिकामा. मी रिकामा केला. तिथंच, अंगणात. ती भांडं घेऊन भाईर आली. मला वाटलं, शिव्या देईल. ती त्या वल्या मातीकडं बघत ऱ्हायली. मग म्हणली, दादा, कागदावर पाणी लिव्हलं व्हतं का? म्हणलं, न्हाई. म्हणली, मग ते माझं व्हतं."

काकांनी पाहुण्यांपुढचा काठोकाठ गिलास बोटानं जरा आत सरकवला.

"तेवढा एक हंडा मी भरतोय, पाव्हणे. तांब्या तांब्या करून भरतोय. आजून भरला न्हाई."

मुलाचा बाप टोपी हातात घेऊन उभाच होता. तेव्हा ती आत्या, इतका वेळ भिंतीला टेकून चटईवर बसलेली, तिनं आपला कप उचलला आणि राहिलेला चहा शेवटपर्यंत पिला. कप खाली ठेवला.

"खारट हाय," ती म्हणाली, "पण इतका बी न्हाई. बस खाली रं."

भाऊ बसला. आत्या उठली. चौघांच्या गिलासांत पाणी तसंच पडून होतं, काठोकाठ भरल्यामुळं कुणाला संपलं नव्हतं. तिनं ते सगळं एका तांब्यात गोळा केलं, एक थेंब सांडू दिला नाही. ती कशी ओतत होती ते बघूनच मला कळलं की, हिनं पण डोक्यावरनं पाणी वाहिलेलं आहे.

"हे उष्टं पाणी कुठं घालू?" तिनं काकांना विचारलं.

काका भानावर नव्हते. सवयीनं म्हणाले, "सीताफळाला."

ती अंगणात गेली. बुंध्याशी बसून सावकाश पाणी घातलं, माती आत ओढून घेईपर्यंत थांबली. मग परत येऊन पदराला हात पुसले आणि काकांसमोर उभी राहिली.

"आता तारीख द्या."

"कशाची?" काका गोंधळले. "त्याचा तर निकाल लागला."

"लग्नाची वो! पोराला पोरगी पसंत हाय, त्यानं धुवणाचा चहा बी निमूट पिलाय. आनखी काय पायजे तुमाला? द्या तारीख."

ज्यांनी जन्मभर सगळ्यांना तारखा पोचवल्या, गटाराला निघालेल्या पाण्याला तारखा दिल्या, त्या माणसाला एक तारीख सांगता येईना. काकू रडत होत्या. मी मंगलकडं बघितलं, तर ती माझ्याजवळ नव्हतीच. पडद्याशी गेली होती. पडद्यामागूनच म्हणाली,

"बाबा, नळाचा वार बघून द्या."

सगळे हसले. मुलाचा बापही हसला, टोपी परत खुंटीला लावली. काका कॅलेंडरकडं गेले, त्यावर त्यांनीच नळाच्या दिवसांना लाल गोल केलेले होते, आणि आमच्याकडं पाठ करून एकेक गोलावर बोट ठेवत उभे राहिले. बराच वेळ वळलेच नाहीत. वळले तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवरनं पाणी वाहत होतं, पार शर्टाच्या खिशापर्यंत. सगळ्यांनी बघितलं, पण तहकूब कुणीच म्हणालं नाही.